बॉनेटवर ठेवलेला हात

कोणाच्या घरी भाजलं, की आमच्या भागातले लोक त्याले आधी दवाखान्यात नेतात अन् मंग माह्याकडे आणतात. येतात, खाटेवर बसतात, चहा पितात अन् म्हणतात, धनसिंगभाऊ, जरा हात दाखव ना. दाखवतो. डाव्या हाताच्या पाठीवर, मनगटापासून बोटांच्या मुळापर्यंत वेगळ्या रंगाची कातडी आहे. ती माह्या मांडीची आहे. पोट्टे हे ऐकून हसतात. हसा लेकहो. पण नुसता हात दाखवून भागत नाही, सारी कथा सांगा लागते, अन् दरवेळी तेच सांगून माहं डोकं फिरते. म्हणून एकदाचं इथं सांगून टाकतो. ज्याले अशी कातडी लावली असेल त्यानं शेवटपर्यंत ऐकावं. बाकीच्याईनं चहा पिऊन घरी गेलं तरी चालते.

टोपण

मी ट्रक ड्रायव्हर होतो. पांढरकवड्याजवळ, नागपूर-हैदराबाद सडकेले लागून आमचा तांडा. आमचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ अन् धान्य लादून मुलूखभर हिंडत, त्याले लदेणी म्हणत. रेल्वे आली, लदेणी बसली, अन् आजा वावरात उतरला. माह्या बापानं जन्मभर कापसाची पऱ्हाटी लावली, पण सडकेवरून गाडी गेली का औत थांबवून पाहत राहे. मी स्टेअरिंग धरलं तवा बाप नव्हता. याडी होती, म्हणजे माही माय. तिनं पहिल्या दिवशी ट्रकच्या बॉनेटले कुंकू लावलं अन् मले विचारलं, बैलाचं नाव काय ठेवलं? मी हसलो. आता हसू येत नाही.

महाराष्ट्र झाला त्याच्या पुढच्या उन्हाळ्यातली गोष्ट. कापसाच्या गाठी भरून हैदराबादले चाललो होतो. पाटणबोरीच्या अलीकडं गाडी तापली. रेडिएटर उकळला का वाट पाहायची, हे ड्रायव्हरले पहिल्या दिवशी शिकवतात. पण वाट पाहणं माह्या रक्तातच नाही. उजव्या हातानं बॉनेट वर धरलं, डाव्या हातात फडकं घेतलं अन् टोपण फिरवलं.

वाफ दिसली नाही मले. आवाज तेवढा आला. तळहातावर फडकं होतं म्हणून तळहात वाचला. पाठ गेली.

कोंबडीचा पाय

जखम भरली. लोक म्हणाले, चला, सुटलास. खरं आजारपण तर तवाच सुरू झालं. जशी जशी जखम भरे तशी कातडी ओढल्या जाय, अन् पोळा येईपर्यंत माही चारही बोटं मागं वळली. कोंबडीच्या पायासारखा हात दिसे. मूठ म्हणून मिटेना. जेवायले उजवा हात होता, ते काही अडलं नाही. पण गिअर डाव्या हातात राहते.

ज्यानं तवाची गाडी चालवली नसेल त्याले हे समजत नाही. तवाचे गिअर काही लोण्यासारखे पडत नसत. दांड्यावर मूठ ठेवली का गाडीच्या पोटातली थरथर तळहाताले सांगे, आता टाक, आता नको. मी डोळ्यानं रस्ता पाहे अन् हातानं गाडी ऐके. तो ऐकणारा हातच उताणा पडला. मी घरात बसून पेल्यावर, बाजेच्या खुरावर, जे दिसेल त्यावर मूठ बांधायले पाहे. माही बायको शांती हे सारं पाहे अन् तोंड फिरवून भाकरी थापे.

तिनंच मले नागपूरले नेलं. मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरनं हात उलटा-पालटा करून पाह्यला अन् सांगतलं, प्लास्टिक सर्जरी करावी लागेल. प्लास्टिक म्हटल्यावर मले वाटलं, कंगव्याचं असते तसं काही चिकटवतात. मी उठून चाललोच होतो. डॉक्टर हसला अन् समजावून सांगतलं, की ओढलेली कातडी कापून बोटं सरळ करायची अन् त्या उघड्या जागेवर मांडीची पातळ कातडी लावायची.

मी एकच विचारलं. "गाडी चालवीन का?"

"हात सांभाळलात तर चालवाल," डॉक्टर म्हणाला.

तेवढ्यावर मी मांडी द्यायले तयार झालो. तो म्हणाला असता तर पाठही दिली असती.

वॉर्डातली खिडकी

ऑपरेशनचं मी काही सांगत नाही, मी झोपलो होतो. उठल्यावरचं सांगतो. हाताले मोठं पांढरं गाठोडं बांधलेलं अन् आग मात्र मांडीले. जिथून कातडी घेतली ती जागा लय जळे. ज्याले लावली तो हात मुका. हे नवीन माणसाले कोणी आधी सांगत नाही, म्हणून मी सांगून ठेवतो. मांडी तुमची झोप घेईल, घाबरू नका, ती बरी होते.

सकाळी सिस्टर येई, चादर ओढून नीट करे, अन् हात उंच ठेवला नाही म्हणून माह्यावर खेकसे. मीही खेकसे. दोघांचं बरं जमलं होतं. शांती दवाखान्याच्या आवारात तीन दगडांच्या चुलीवर स्वयंपाक करे. वरण-भाकरी आणे अन् म्हणे, आज वरणात मीठ कमी पडलं, तर समजा की करताना मी रडले नाही. अशी बाई आहे ती.

माह्या खाटेजवळ खिडकी होती. बाहेर सडक, अन् सडकेले थोडा चढ. दिवसभर ट्रक जात. मले ते दिसत नसत, ऐकू येत. चढावर आले का गिअर बदलत, अन् प्रत्येक गाडीच्या मागं मी मनात दांडा ओढे. हा उशिरा बदलला. हा नवीन पोरगा दिसते, गाडीले रडवून राह्यला. एखादा अचूक टाके, आवाज कसा सरळ उतरे, अन् मी उशीवरून मान उचलून ऐके. बाईसाठी झुरतात लोक, मी सडकेसाठी झुरलो. बाई तर बाहेर चूल फुंकत होती.

पट्टी सोडायच्या दिवशी सारे डॉक्टर खाटेभोवती जमले. मी डोळे मिटून घेतले. सिस्टर म्हणाली, "लागली हो कातडी, उघडा डोळे." गुलाबी, सुरकुतलेली, नवीन जन्मलेल्या उंदराच्या पिल्लासारखी दिसे. मले लय सुंदर वाटली.

निघताना डॉक्टरनं शांतीले समोर बसवून सांगतलं, मले नाही. त्यानं मले ओळखलं होतं. ही कातडी जिवंत आहे, पण तिले अजून काही समजत नाही. गरम समजणार नाही, गार समजणार नाही. समज यायले वर्ष लागेल, दोन लागतील, कधी येतही नाही. तवर शेक नाही, गरम पाण्याची पिशवी नाही, शेकोटी नाही. बर्फ नाही. ऊन लागू द्यायचं नाही. पाणी कोमट, अन् तेही दुसऱ्यानं हात घालून पाह्यलेलं. थंडीत कापसाच्या फडक्यात गुंडाळा. तेल लावून हलक्या हातानं चोळा, अन् मूठ मिटायचा सराव रोज करा. पुन्हा भाजलं तर कातडी आक्रसेल, अन् मंग मी काही करू शकणार नाही, असं तो म्हणाला.

शांतीनं मान हलवली. तिच्या डोक्यात ते सारं दगडावर कोरल्यासारखं बसलं.

याडीचं मीठ

आमच्या याडीजवळ साऱ्या दुखण्यांवर एकच औषध. खडेमीठ तव्यावर भाजायचं, फडक्यात बांधायचं अन् शेकायचं. कंबर धरली, मीठ. पोट दुखलं, मीठ. बाळंतिणीले मीठ, म्हाताऱ्याच्या गुडघ्याले मीठ. तिच्या सासऱ्यानं मीठ वाहिलं, त्याच्या बापानं वाहिलं. ज्या मिठानं आपल्याले पोसलं ते आपलं वाईट करत नाही, असा तिचा हिशोब. आमचं घरातलं बोलणं आमच्या बोलीत होते, मी इथं मराठीत सांगून राह्यलो.

मी घरी आलो तवा कडाक्याची थंडी. सकाळी हात निळा पडे अन् बोटांचे सांधे आतून ठणकत. हे ध्यानात ठेवा, कातडी मुकी होती पण खालची हाडं मुकी नव्हती. थंडी त्याईले बरोबर समजे. मी कण्हत बसे अन् याडी तडफडे. एक दिवस शांती पाण्याले गेलती. याडीनं मीठ भाजलं, पुरचुंडी बांधली, आधी आपल्या गालाले लावून पाह्यली अन् मंग माह्या हातावर ठेवली.

मले काहीच समजलं नाही. याडी विचारे, लागून राह्यलं का? मी म्हणे, नाही, थंडच आहे. तिनं पुन्हा तव्यावर धरली. मी म्हणालो, अजून गरम कर. पाहा गंमत. ज्याचा हात जळणार तोच म्हणून राह्यला, जाळ वाढव.

तेवढ्यात शांती दारात आली. तिनं घागर खाली ठेवली, तव्यावरची पुरचुंडी उचलली अन् आपल्या मनगटाच्या आतल्या अंगाले लावली. लावली तशी झटक्यानं काढली. तिच्या मनगटावर लाल डाग उठला. तिनं तो डाग याडीसमोर धरला.

याडीनं तो पाह्यला. मंग तिले राग आला, अन् ज्याची चूक असते त्याले राग जास्त येते. "नऊ महिने पोटात ठेवला तवा कोनी शिकवलं होतं मले, किती गरम अन् किती थंड?" असं म्हणून ती चुलीपुढून उठली. त्या दिवसापासून घरात दोन चुली पेटल्यासारखं झालं. तांड्यात बोलणं पसरलं, की शांती नवऱ्याले शेकू देत नाही, थंडीत मारून राह्यली. शांती ऐके अन् पाणी तापवे. माह्या हाताले लागणारी प्रत्येक गोष्ट आधी तिच्या मनगटाले लागे. पाणी, तेल, धुऊन वाळवलेलं फडकं. दोन बायांच्या मधात मी, अन् माह्या मनात कोणीच नाही. माह्या मनात सडक.

धाब्यापुढं

तांड्यापासून थोडं चाललं का धाबा लागे. तिथं हमीदभाई थांबे. आदिलाबादचा ड्रायव्हर, माहा जुना जोडीदार, अन् माह्या हातातून सुटलेली गाडी मालकानं त्यालेच दिली होती. हिंडून येतो असं मी घरी सांगे अन् धाब्यावर जाऊन बसे.

थंडीच्या सकाळी ड्रायव्हर लोक काय करतात ते सांगतो. चढ चढून आलेली गाडी उभी केली का बॉनेट तापलेलं राहते. पोळ्यांचं गाठोडं बॉनेटवर ठेवायचं, म्हणजे चहा होईपर्यंत पोळ्या नरम. अन् भोवती उभं राहून हात शेकायचे. माह्या अंगात ती सवय वर्षानुवर्षांची. शेकोटीले गेलो नाही मी, शपथ. डॉक्टरनं शेकोटी नको म्हटलं होतं, बॉनेटचं नाव त्यानं घेतलं नव्हतं. त्याले तरी काय माहीत.

त्या दिवशी हमीदभाई गाडी घेऊन आला. माही गाडी. याडीच्या कुंकवाचा डाग बॉनेटवर अजून पुसट दिसे. सारे भोवती उभे राहिले, मीही राहिलो. उजव्या हातात चहाचा पेला. डाव्या हाताची पाठच तर ठणके, म्हणून मी फडकं सोडलं, हात उताणा केला अन् रेडिएटरजवळच्या पत्र्यावर टेकवला. इंजिन चालूच होतं. पत्र्याची थरथर हाडात आली. कातडीले नाही, हाडाले. किती महिन्यांनी आली होती ती! मले वाटलं, गाडीनं मले ओळखलं. मी डोळे मिटून घेतले.

बाकीचे हात टेकवत अन् उचलत, टेकवत अन् उचलत. माहाच तेवढा हात हलत नव्हता. हमीदभाईनं पाह्यलं. म्हणाला, "क्या धनसिंग, हाथ को तल रे क्या?"

"मले काही होत नाही," मी ऐटीत म्हणालो.

सारे हसले. मी तसाच उभा राह्यलो, चहा संपेपर्यंत, अन् मंग न पाहता फडकं गुंडाळलं.

घरी आलो तवा शांतीनं तेलाची वाटी घेतली अन् फडकं सोडलं. गुलाबी कातडीवर पाण्यानं भरलेले टपोरे फोड. मी ते तवाच पाह्यले. मले तर काहीच लागलं नव्हतं.

ती ओरडेल म्हणून मी वाट पाहत होतो. तिनं वाटी बाजूले ठेवली अन् माह्या हाताकडं पाहत बसली. मंग एवढंच म्हणाली, "मी घरातला जाळ राखून राह्यले. सडकेवरचा कसा राखू?"

पुन्हा नागपूर

डॉक्टरनं हात पाह्यला, माह्याकडं पाह्यलं, अन् पुन्हा हाताकडं पाह्यलं. मी सारं खरं सांगतलं. बॉनेट म्हणजे काय हे त्याले समजावून सांगा लागलं. जखम भरायले पुन्हा तेवढेच महिने गेले. अर्धी कातडी टिकली. करंगळी अन् तिच्या बाजूचं बोट मात्र पुन्हा ओढल्या गेलं, अन् मूठ जी मिटत आलती ती अर्ध्यात अडकली ते अडकलीच. मी डॉक्टरले पुन्हा विचारलं नाही, गाडी चालवीन का. त्यानंही सांगतलं नाही. दोघांनाही ठाऊक होतं.

ह्या वेळी परत आलो तवा याडी तांड्याच्या तोंडाशी उभी होती. तिनं शांतीच्या हातातलं गाठोडं घेतलं. घरात गेल्यावर पाणी तापवलं, घंगाळात ओतलं, अन् शांतीले हाक मारली, "पाहून घे व माय, तुह्या मनगटाले बरं वाटते का." तिथून पुढं त्या दोघींचं भांडण संपलं. माह्यासाठी काही चांगलं झालं असेल त्या बॉनेटनं, तर हे झालं.

उन्हाळ्यात कातडी इतकी खाजे का जीव नकोसा होई. हमीदभाईनं नागपूरहून लाकडाच्या भुशात बांधून बर्फाची लादी आणली. बिचाऱ्याच्या मनाले ते तळायचं बोलणं लागलं होतं. त्याले वाटलं, गरमानं बिघडलं तर थंडानं सुधरते. शांतीनं बर्फाचं सरबत केलं, साऱ्या तांड्याले पाजलं, अन् माह्या हातावर माठातल्या पाण्याचं ओलं फडकं टाकलं. बर्फही भाजते, हे तिच्या ध्यानात होतं. तुमच्या ध्यानात राहू द्या.

मी वावर करायले लागलो. बापासारखंच. सडकेवरून गाडी गेली का माहंही औत थांबे. चढावर गिअर बदलला का माहा अर्धा हात अर्धाच मिटे. आता मले समजते, माहा बाप काय पाहत राहे. तवा विचारायले पायजे होतं.

चटका

याच्यानंतर आणखी एक हिवाळा गेला, अन् दुसरा आला. मी धाब्यावर जाणं सोडलं नव्हतं. फडकं बांधून जाई, हात खिशात ठेवी, बॉनेटपासून दूर उभा राही. शांतीले सांगून जाई, हे महत्त्वाचं.

एका सकाळी हमीदभाई आला. गाडी जुनी झाली होती, कुंकू कधीच गेलं होतं. तो म्हणाला, मालक गाडी विकून राह्यला, ही शेवटचीच खेप, मले नवीन गाडी मिळणार आहे. मी पुढं गेलो. खिशातून हात काढला. भाजायचं नव्हतं मले, फक्त हात लावायचा होता, जसं कोणी कायमचं जाते तवा आपण लावतो. फडकं बाजूले सरलं अन् हाताची पाठ पत्र्याले लागली.

अन् मी हात मागं ओढला.

मी नाही ओढला, हातानंच ओढला. हमीदभाई घाबरला, म्हणाला, क्या हुआ? मी पुन्हा लावला. पुन्हा हात उचलल्या गेला. टेकवला, उचलला. टेकवला, उचलला. बाकीचे ड्रायव्हर करतात तसाच.

"चटका लागला," मी म्हणालो.

हमीदभाईनं चहा तसाच ठेवला. म्हणाला, चढ, पुढच्या पुलापर्यंत तूच ने. मी चढलो. दांड्यावर हात ठेवला. तळहाताले थरथर आली, पाठीले थंड हवा लागली, सारं समजलं. दांडा पकडला, ओढला. तीन बोटं आली, दोन आली नाहीत. गिअर किंचाळला. मी अजून एकदा ओढला. मंग खाली उतरलो अन् त्याले म्हणालो, जा भाऊ, गाठी हैदराबादले पोचव. गाडी चढावर गेली, अन् त्यानं गिअर टाकला तो अगदी वेळेवर टाकला.

घरी आलो तवा शांती माह्या आंघोळीचं पाणी काढत होती. नेहमीसारखी ती मनगट घालायले वाकली. मी म्हणालो, थांब. फडकं सोडलं अन् डावा हात घंगाळात बुडवला.

ती माह्या तोंडाकडं पाहत राह्यली.

"कडक आहे," मी म्हणालो. "थोडं विसण टाक."

तिनं तांब्या उचलला, पण पाणी टाकायच्या ऐवजी ती तिथंच ओल्या फरशीवर बसली अन् रडायले लागली. तिच्या मनगटावर याडीच्या मिठाचा डाग होता, तो कधी गेला नाही. मी माहा अर्धा मिटणारा हात त्यावर ठेवला. तिचं मनगट गरम होतं, अन् ते मले समजलं.